एक दप्तर, अनेक उतारे

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाणे शहरात, घोडबंदर रस्त्यालगत, चितळसरच्या शेजारी. दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेस, कल्याणहून शिळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पहिले ठाणे तालुक्यात मोडते, दुसरे कल्याण तालुक्यात. पत्रावर नुसते 'मानपाडा' असे लिहिले, तर टपालवाला बुचकळ्यात पडेल. 'मानपाड्यातील अमुक क्रमांकाची जमीन कोणाची?' असे नुसते विचारले, तर सरकारी दप्तरालाही उत्तर देता येणार नाही. म्हणूनच महाराष्ट्र शासनाचे 'महाभूलेख' नावाचे जे संकेतस्थळ आहे, ते विचारणाऱ्याकडून प्रथम जिल्हा, मग तालुका आणि शेवटी गाव वदवून घेते. एवढे झाल्यावर जमिनीचा क्रमांक किंवा धारण करणाऱ्याचे नाव सांगावे, म्हणजे क्षणार्धात पडद्यावर एक तक्ता उमटतो. त्या तक्त्याला उतारा म्हणतात.

उतारा हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. मूळ दप्तर आपल्या जागी सुरक्षित राहते. त्यातील आपल्याला लागेल तेवढाच भाग आपण उतरवून घेतो. आज अनेक कचेऱ्यांतून व संस्थांतून सर्व कर्मचाऱ्यांचे मिळून एक सामाईक संकेतस्थळ असते. तेथे माहितीचा साठा एकच असतो, परंतु प्रत्येकास आपल्या कामापुरती, आपल्या सोयीच्या मांडणीत ती पाहता येते. अशा मांडणीला संगणकाच्या व्यवहारात 'दृश्य' किंवा 'व्ह्यू' म्हणतात. महाराष्ट्रातील खेड्यांत मात्र हीच कल्पना संगणकाच्या पुष्कळ आधीपासून, जाड पुठ्ठ्याच्या वह्यांमधून नांदत आली आहे.

गावाच्या जमिनीचा हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या तलाठी म्हणत आले; अलीकडे त्या पदास ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले आहे. त्याच्या दप्तरात ज्या वह्या असतात, त्यांना गाव नमुने म्हणतात, आणि त्यांना एकपासून एकवीसपर्यंत क्रमांक दिलेले आहेत. त्यांपैकी सातव्या नमुन्यात जमिनीवर कोणाचा कोणता अधिकार आहे ते लिहिलेले असते, तर बाराव्यात त्या जमिनीत कोणत्या हंगामात कोणते पीक होते ते. हे दोन्ही नमुने एकाच कागदावर खाली-वर छापण्याची पद्धत पडली आणि लोकांच्या तोंडी 'सातबारा' हा शब्द रुळला. आज ज्या घरात शेतीचा गुंठाही उरलेला नाही, त्या घरातही हा शब्द ठाऊक असतो.

आता समजा, कल्याण तालुक्यातील एका गावात एका शेतकऱ्याची तीन शेते आहेत. ओढ्याकाठचे शेत २० आर, टेकडीच्या पायथ्याचे ३५ आर आणि गावाजवळचे ५ आर. ही तीन शेते एकमेकांस लागून नाहीत. त्यांचे क्रमांकही निरनिराळे आहेत. साहजिकच त्यांचे सातबारे तीन. प्रत्येक सातबारा एका शेताची हकिकत सांगतो: क्षेत्र किती, आकार म्हणजे सरकारी सारा किती, नांगरता न येणारा पोटखराबा किती, भोगवटादार कोण, कोणाचे कर्ज किंवा अन्य हक्क जमिनीवर आहेत, आणि खाली भात होते की नाचणी. परंतु 'या शेतकऱ्याची गावात एकूण जमीन किती?' असा प्रश्न निघाला, तर तीन सातबारे चाळून बेरीज करीत बसावे लागेल. त्यासाठी आठ-अ हा नमुना आहे. त्यात शेताऐवजी खातेदार हा मुख्य धरलेला असतो. त्याच्या खाते क्रमांकाखाली तिन्ही शेते एकत्र येतात आणि शेवटी ६० आर ही बेरीज मांडलेली असते.

प्रश्न आणखी पालटून पाहा. या वर्षी गावात भात किती क्षेत्रावर लागले, नाचणी किती आणि वरी किती, असे तहसीलदाराने विचारले. येथे शेताचा क्रमांकही नको आणि शेतकऱ्याचे नावही नको. सगळ्या बाराव्या नमुन्यांतून पिकांचे आकडे वेचून त्यांची पीकवार बेरीज करावयाची. हेच काम अकरावा नमुना करतो. त्याचे नाव पिकांचा गोषवारा. शेत तेच, पेरणारा तोच, पीकही तेच. एकदा शेताला धरून मांडणी केली, दुसऱ्यांदा माणसाला आणि तिसऱ्यांदा पिकाला.

बारकाईने पाहिले तर या साऱ्या मांडण्यांत थोड्याच क्रिया आहेत. कोणते रकाने दाखवावयाचे ते ठरविणे. हव्या त्या ओळी ठेवून इतर गाळून टाकणे. उरलेल्या ओळींना क्रम लावणे. सारख्यांचे गट पाडणे. आणि गटाखाली बेरीज देणे. घरातील गृहिणी तांदूळ निवडते, चाळते आणि मापून डब्यांत भरते, त्याहून यात फार निराळे काही नाही. संगणकाच्या संकेतस्थळावर दृश्य तयार करणारा मनुष्यही याच क्रिया करतो. फक्त त्या एकदा सांगून ठेविल्या की पुन्हा सांगाव्या लागत नाहीत. नवीन नोंद झाली की ती आपोआप आपल्या गटात जाऊन बसते.

वहीच्या काळात मात्र हे आपोआप होत नसे, आणि तेथेच मोठी अडचण होती. शेत विकले गेले की सहाव्या नमुन्यात, म्हणजे फेरफार नोंदवहीत, त्याची नोंद करावयाची. ती मंजूर झाली की सातबाऱ्यावरील जुन्या नावास कंस करून खाली नवे नाव लिहावयाचे आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक घालावयाचा. मग आठ-अ उघडून एका खात्यातून ते क्षेत्र वजा करावयाचे आणि दुसऱ्यात मिळवावयाचे. एकच गोष्ट तीन वह्यांत लिहिण्याचा हा उद्योग होता. तलाठी कितीही दक्ष असला, तरी दोन-चार गावांचे दप्तर सांभाळताना एखादे पान राहून जाई. मग सातबारा एक सांगे आणि आठ-अ दुसरेच. असा मेळ बसेना झाला की भावाभावांत कज्जे लागत. माहिती अनेक ठिकाणी लिहिली की ती हळूहळू निरनिराळी होते. म्हणून नोंद एकाच ठिकाणी ठेवावी आणि उतारे तिच्यातून काढावेत, हे संगणकाच्या व्यवस्थेचे पहिले तत्त्व होय. आता आठ-अ स्वतंत्रपणे लिहीत नाहीत. तो सातबाऱ्यांच्या साठ्यातूनच सिद्ध होतो.

अर्थात वह्यांतील मजकूर संगणकात घालताना चुका झाल्याच. कोणाचे आडनाव चुकले, कोणाच्या क्षेत्रातील शून्य गळाले. म्हणून २०१७ साली राज्यभर 'चावडी वाचन' करण्यात आले. संगणकातील सातबारे गावोगाव लोकांसमोर वाचून दाखविण्यात आले आणि ज्याची जमीन त्याने आपल्या नोंदीतील चूक दाखवावी असे सांगण्यात आले. यंत्राने तयार केलेला तक्ता तपासावयास शेवटी गावाच्या चावडीवरच जावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ओढ्याकाठच्या शेताचे क्षेत्र किती, हे संगणकास आकड्याने ठाऊक असते. ते ज्याने बांधावरून शंभरदा चालून पाहिले, त्याला ते पायांनी ठाऊक असते.

ही सामाईक व्यवस्था चालते कशी? तिच्यात लिहिणारे हात अनेक आहेत, परंतु प्रत्येकास लिहिण्याची जागा ठरवून दिलेली आहे. जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदले गेले की त्याची सूचना संगणकाद्वारे महसूल खात्याकडे जाते. ग्राम महसूल अधिकारी त्यावरून फेरफाराची नोंद धरतो. ज्यांचा त्या जमिनीशी संबंध आहे, त्यांना नोटीस जाते. हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. कोणी हरकत घेतली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतो, आणि मगच सातबाऱ्यावर नवे नाव चढते. मधल्या काळात सातबारा पाहणाऱ्याची फसगत होऊ नये, म्हणून नव्या उताऱ्यावर फेरफार प्रलंबित आहे किंवा नाही हेही दर्शविलेले असते. या नोटिसा पूर्वी चावडीच्या फलकावर लागत. आता त्या संकेतस्थळावरही पाहता येतात, आणि त्या दालनाचे नावही 'आपली चावडी' असेच ठेविले आहे. नाव ठेवणाऱ्याची रसिकता येथे दिसते.

शेतकऱ्याच्या हातीही आता एक रकाना आला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' राज्यभर सुरू झाली. शेतकरी आपल्या शेतात उभा राहून भ्रमणध्वनीवर पिकाचे नाव व क्षेत्र भरतो आणि उभ्या पिकाचे छायाचित्र जोडतो. यंत्र त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपून घेते. पूर्वी ही पाहणी तलाठ्याने करावयाची असे. आता तो काही नोंदींची पडताळणी करतो. मात्र भोगवटादाराच्या नावाच्या रकान्यात शेतकऱ्यास काही लिहिता येत नाही. वाचण्याचा अधिकार सर्वांना आणि लिहिण्याचा अधिकार ज्याचा त्याला, अशी ही वाटणी आहे. जेथे ती नीट केलेली नसते, तेथे दप्तर सामाईक न राहता बेवारशी होते.

येथवर उताऱ्याचे गुण झाले. त्याचा एक धोकाही आहे, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. उतारा काही गोष्टी दाखवितो, याचाच अर्थ तो इतर गोष्टी झाकतो.

समजा, एखाद्या गृहस्थास जमीन विकत घ्यावयाची आहे. विकणाऱ्याने त्याला आठ-अ दाखविला. त्यावर नाव बरोबर आहे, क्षेत्राची बेरीज बरोबर आहे, सरकारी सारा बरोबर आहे. त्या कागदात एक अक्षरही खोटे नाही. तरीही एवढ्यावर विसंबून त्याने पैसे दिले, तर तो नागवला जाण्याचा संभव आहे. कारण आठ-अ या नमुन्यात 'कुळ, खंड व इतर अधिकार' हा रकानाच नाही. तो सातबाऱ्यावर असतो. त्या रकान्यात बँकेचा बोजा असू शकतो, विहिरीतील दुसऱ्याच्या हिश्श्याची नोंद असू शकते. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल, तर शासनाच्या परवानगीवाचून ती सहसा विकता येत नाही. आदिवासी शेतकऱ्याची जमीन बिगर-आदिवासीस घेता येण्यावर कायद्याने कडक निर्बंध घातलेले आहेत. ठाणे जिल्ह्यात शहापूर, मुरबाडकडील भागांत आदिवासी बांधवांची वस्ती मोठी असल्याने या निर्बंधांचे मोल तेथे विशेष आहे. खरा कागदसुद्धा अपुरा असू शकतो. कोणता रकाना गाळला आहे, हे विचारल्याशिवाय उतारा वाचून झाला असे म्हणता येत नाही.

रकान्याचे सामर्थ्य किती, याची साक्ष आपला इतिहास देतो. मुंबई इलाख्यातील शास्त्रशुद्ध जमीन मोजणीचा पाया १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी घातला. तेहतीस फूट लांबीची साखळी घेऊन शेते मोजली गेली; एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढा तुकडा म्हणजे गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. मोजणी मोठी काटेकोर होती. पण तिच्यावरून जे दप्तर तयार झाले, ते सरकारने आपल्या सोयीसाठी मांडलेले होते. सारा कोणाकडून वसूल करावयाचा, एवढाच त्याचा प्रश्न. त्यामुळे सारा भरणाऱ्या खातेदाराचे नाव त्यात आले. त्याच शेतात ज्यांचा हिस्सा होता, ज्याच्याकडे ते गहाण होते, किंवा जो ते प्रत्यक्ष कसत होता, त्यांना त्या कागदावर जागाच नव्हती. जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे हे नोंदविणारे दप्तर ठेवण्यासाठी मुंबई इलाख्यात १९०३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. 'देणे कोणाचे?' हा प्रश्न मागे पडून 'हक्क कोणाचा?' हा प्रश्न आला, आणि नवा नमुना जन्मास आला.

पुढे १९४८ साली मुंबईचा कुळवहिवाट कायदा झाला आणि त्यातील नंतरच्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा मालक मानला जावयाचा होता. कोकणात व ठाणे जिल्ह्यात हजारो कुटुंबांचे भवितव्य त्या तारखेशी बांधलेले होते. ज्याचे नाव कुळाच्या रकान्यात होते, त्याच्या हाती पुरावा होता. जो वर्षानुवर्षे नांगर धरीत होता, परंतु ज्याचे नाव त्या रकान्यात कोणी लिहिले नव्हते, त्याला आपलाच घाम सिद्ध करून दाखविण्याची पाळी आली. चार बोटे रुंदीचा एक रकाना, पण भाकरीचा प्रश्न त्यात सामावलेला होता.

हीच गोष्ट घरातील स्त्रियांची. खातेदार वारला की वारसांची नोंद करावयाची असते. जमिनीत हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यावी, असे १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम सांगतो. कित्येक घरांत वर्दी देताना मुलग्यांचीच नावे सांगितली जात, आणि विधवा आई व बहिणी राहून जात. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीस मुलाच्या बरोबरीचा वाटा महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना, आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने सर्वच मुलींना मिळाला. कायदा झाला तरी नाव आपोआप कागदावर येत नाही. ते कोणी तरी सांगावे लागते, आणि न सांगितल्यास हरकत घ्यावी लागते. नोंदीत लेखनाची चूक असेल तर तहसीलदाराकडे अर्ज करून ती दुरुस्त करून घेता येते. परंतु चूक आहे हे कळण्यासाठी उतारा आधी वाचला पाहिजे.

कधी कधी दप्तरातील मांडणी बदलते आणि जमीन जेथल्या तेथे राहते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. पंधरा तालुक्यांपैकी सात ठाण्यात राहिले, आठ पालघरात गेले. वाड्याच्या शेतकऱ्याने एक ढेकूळही हलविले नाही; तरी त्या दिवसापासून त्याचा सातबारा निराळ्या जिल्ह्याच्या नावाखाली शोधावा लागतो.

आता पुन्हा मानपाड्याकडे वळू. दोन्ही मानपाड्यांच्या परिसरात एके काळी भातशेती होती. आज तेथे मजल्यांवर मजले चढले आहेत. ज्या भागात नगर भूमापन झाले आहे, तेथे सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका चालते. इतरत्र उंच इमारतीखालील जमिनीलाही सातबाराच असतो. तेथे राहणाऱ्या एखाद्या मुलाने कुतूहलाने आपल्या इमारतीच्या जमिनीचा उतारा काढला, तर त्याला चमत्कारिक वाटेल. घराची कागदपत्रे आईवडिलांच्या नावाची, पण उताऱ्यावर मात्र भलत्याच कोणाचे नाव! बहुधा तो जुना जमीनमालक असतो किंवा इमारत बांधणारा विकासक. यात दप्तराची चूक नाही. खरेदीच्या करारनाम्याने सदनिका मिळाली, पण खालची जमीन गृहनिर्माण संस्थेच्या नावे करून देण्याचे खत, म्हणजे अभिहस्तांतरण, अजून झालेले नसते. पुढे इमारत जुनी होऊन पुन्हा बांधावयाची वेळ आली, म्हणजे या रकान्यातील नावाची आठवण सर्वांना होते.

विकासक टाळाटाळ करीत असेल, तर २००८ सालच्या कायद्यातील दुरुस्तीने संस्थेला 'मानीव अभिहस्तांतरण' करून घेण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. त्याने प्रमाणपत्र दिल्यावर दस्त नोंदविला जातो, आणि फेरफाराची नोंद धरली जाते. अर्जाबरोबर जमिनीचा उतारा जोडावा लागतो, आणि तेथे एक बारीक भेद आड येतो. महाभूलेखवर कोणालाही विनामूल्य दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. तसे त्यावर लिहिलेलेच असते. कचेरीत चालतो तो अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा. हा १ मे २०१८ पासून घरबसल्या मिळू लागला; त्यासाठी शुल्क भरावे लागते. त्यावर पडताळणीचा क्रमांक असतो. तो संकेतस्थळावर घालून पाहिला की हातातील कागद आणि मूळ दप्तर यांचा मेळ आहे की नाही, हे कोणासही तपासता येते. फेरफार प्रमाणित झाला, म्हणजे एवढी वर्षे असलेल्या नावाच्या जागी त्या गृहनिर्माण संस्थेचे नाव येते, आणि त्याच्या शेजारी फेरफाराचा नवा क्रमांक.